संपादकांचं मत

अर्धं डोकं कापून झालेला ड्रायव्हर आरशासमोर गप्प बसला होता, आणि संपादक कात्री फळीवर ठेवून एका बोटाने टाइप करत होते.

ड्रायव्हर खुर्चीत बसताना एवढंच म्हणाला होता, "आज काय उकडतंय हो." म्हणाला आणि विसरला. मग त्याने गाडीच्या ब्रेकचं सांगितलं, डेपोतल्या नव्या साहेबाचं सांगितलं, आणि सांगण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा अंगावरच्या कापडावर पडलेले स्वतःचेच केस बघत बसला. मागे संपादकांचं बोट चाललं होतं. चुकत होतं, खोडत होतं, पुन्हा चालत होतं. कात्रीत घातल्यावर ज्या बोटाला डोळ्यांची गरज लागत नसे, ते त्या गुळगुळीत काचेवर ठेचकाळत होतं.

शेवटी फळीवरच्या टॅबमधून एक बाई बोलली. बातम्या द्याव्यात तशी, आणि कुठेही थांबत.

"पाऊस पडतो ऊन पडतं. थंडी पडते अंधार पडतो मग उकाडाच. का पडत नाही तो होतो का."

उकाड्याचा विषय आपणच काढला होता हे आठवायला ड्रायव्हरला जरा वेळ लागला. मग तो आरशात बघून हसला. दवाखान्यात भेटायला आलेला माणूस जाताना जसा हसतो तसा. आणि म्हणाला, "बरोबर आहे तुमचं."

संपादकांनी कात्री उचलली. बरोबर आहे म्हणे. वीसेक वर्षांत या माणसाने त्यांचं एक वाक्य धड पुरं होऊ दिलं नव्हतं, आणि आता उकाडा का पडत नाही यावर बरोबर आहे म्हणतो. बरोबर असायला त्यात होतं काय? तो नुसता प्रश्न होता.

त्यांचं काम केस कापण्याचं. संपादक हे नाव गिऱ्हाइकांनी ठेवलेलं, आणि ते काही कौतुकाने ठेवलेलं नव्हतं. गिऱ्हाइकाच्या मानेला कापड बांधलं की यांचा अग्रलेख सुरू. राजकारणाला ते हात लावत नसत. त्यावर कोणीही सोम्यागोम्या बोलतो, असं त्यांचं म्हणणं. यांचे विषय निराळे. माणूस दाढी पार काढून टाकतो आणि म्हणतो, दाढी केली, हे कसं काय? कबुतर दोन काड्या आडव्या टाकतं आणि त्याला घरटं म्हणतं, तरी जगातली कबुतरं कमी होत नाहीत. मग बाकीच्या पक्ष्यांनी एवढी मरमर का करावी? लिफ्टचं बटण पेटलेलं दिसत असताना माणूस ते पुन्हा का दाबतो? वारा सुटतो तसं पोटही सुटतं, पण वारा कधीतरी पडतो, पोट पडत नाही. हे शेवटचं खास ड्रायव्हरच्या पोटाकडे बघून.

ड्रायव्हर शहरातली बस चालवायचा आणि सुट्टीच्या दिवशी न चुकता दुकानात यायचा. टाळूवर कापण्यासारखं फारसं काही राहिलं नव्हतं, कडेकडेचं होतं तेवढं. पण तो केसांसाठी येतच नव्हता. आठवडाभर स्टिअरिंगवर तोंड मिटून बसायचं आणि आठवड्यातून एकदा संपादकांना खोटं पाडायचं, असा त्याचा नेम होता.

"काहीतरी बोलू नका," इथूनच त्याची सुरुवात व्हायची. "बटण दोनदा दाबावंच लागतं. यंत्राला कळायला पाहिजे, खाली माणूस खोळंबलाय."

"यंत्राला काय डोंबल कळतंय?"

"मग तुम्ही माझ्या गाडीची घंटा दोनदोनदा का वाजवता उतरताना?"

"ती यंत्रासाठी नाही, तुमच्यासाठी. तुम्हाला एकदा वाजवून कळत नाही."

असं ते चालायचं. दुकानाच्या मागेच घर. आत बायको कान बंद करता येत नाहीत म्हणून ऐकायची, आणि कधीकधी भांडं मुद्दाम आपटायची, म्हणजे आता पुरे. त्यावर दोघं आवाज खाली आणायचे आणि कुजबुजत भांडायचे.

मग संपादकांचा घसा बसला. आधी त्यांनी त्यावरही मत दिलं, की हवा बदलली की माणसाआधी आवाजाला कळतं. महिना गेला तरी घसा उठेना, तेव्हा बायकोने धरून दवाखान्यात नेलं. गाठ निघाली. सर्जन भला माणूस होता. कागदावर चित्र काढून त्याने सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, मानेला इथे एक भोक राहील आणि पुढे श्वास तिथूनच घ्यायचा.

"म्हणजे नाक आता नुसतं चष्म्यासाठी," संपादक घोगऱ्या आवाजात म्हणाले होते.

सर्जन हसला नाही. बायको तर त्या चित्राकडेच बघत होती. संपादकांनी तोंडाने दिलेल्या शेवटच्या मतांपैकी ते एक. ते असं वाया गेलं याची त्यांना पुढे फार दिवस चुटपुट लागून राहिली.

जीव वाचला, हे खरं. येईल तो हेच सांगायचा. संपादकांनाही ते मान्य होतं, पण वाचलेल्या जिवाने दिवसभर करायचं काय, हे कोणी सांगत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, दुकान सोडा, केसाचा बारीक कण त्या भोकात गेला तर ठसक्याने हैराण व्हाल. बायकोने त्यांच्या जुन्या सदऱ्यांच्या मऊ पट्ट्या कापून गळ्याशी बांधायला फडकी शिवली. त्यातलं एक बांधून ते एका सकाळी दुकानात जाऊन उभे राहिले, आणि तिने अडवलं नाही. घरात बसलेला तो माणूस तिलाही बघवत नव्हता.

दवाखान्याने बोलायला एक यंत्र दिलं होतं. टॉर्चएवढं, बॅटरीवर चालणारं. ते मानेला टेकवून ओठ हलवले की आवाज निघायचा, पण तो डब्यात कोंडलेल्या भुंग्याचा. पहिल्याच दिवशी कानामागे तो भुंगा गुणगुणला तसं गिऱ्हाईक खुर्चीतून उडालं आणि कानाला कात्री लागली. शिवाय यंत्रालाही एक हात लागायचा. एका हाताने बोलायचं, एका हाताने कापायचं, तर कंगवा कोणी धरायचा? यंत्र खणात गेलं ते गेलंच.

तेव्हा कुठे संपादकांच्या लक्षात आलं की आपला धंदा दोन्ही हातांचा होता आणि तोंड ही त्यातली फुकटची चैन होती. आता बोलायचं तर हात थांबवायचे आणि कापायचं तर गप्प बसायचं. दोन्ही एकदम होणार नाही, कधीच नाही.

टॅब दिला लेकीने. ती लग्न करून दुसऱ्या शहरात गेलेली, बाबांच्या आजारपणात येऊन राहिली होती. लिहिलेलं वाचून दाखवणारी सोय त्यात तिने घालून दिली. आवाज बाईचाच होता. पुरुषाचा आपल्या भाषेत अजून आलेला नाही म्हणाली. पहिल्यांदा ती बाई बोलली तेव्हा बायको पदराला हात पुसत बाहेर आली, कोण आलंय बघायला.

टॅबवर संपादकांनी पहिल्यांदा मन लावून काही लिहिलं ते बायकोसाठी. दवाखान्यात पडल्यापडल्या सुचलेलं, आणि त्यांच्या मते आजवरचं सगळ्यात झकास. संध्याकाळी ती भाजी निवडत बसली होती. त्यांनी बाईला बोलू दिलं नाही; तिने वाटोळं केलं असतं. टॅबच बायकोपुढे धरला. लिहिलं होतं, लोक म्हणतात आवाज बसला. बसला म्हणजे उठेल अशी आशा तरी असते. माझा बसलेला नाही. उठून गेला.

आणि ते हसण्याची वाट बघत उभे राहिले.

बायकोने वाचलं. हातातली शेंग परडीत ठेवली आणि तिचा चेहरा वाकडा झाला. संपादक दोन्ही हात हलवायला लागले. अगं विनोद आहे, विनोद. ओठ हलले, पण हवा मानेतून गेली. घाईघाईने त्यांनी टॅब ओढून घेतला आणि "विनोद होता" असं टाइप करायला घेतलं. विनोदचं विनंती झालं, ते खोडलं, पुन्हा विनंती झालं. ते नीट होईपर्यंत ती आत निघून गेली होती आणि नळ सोडला होता. नळ बराच वेळ चालू राहिला.

लेक परत जायला निघाली तेव्हा तिच्या डोक्यात एक युक्ती आली.

"बाबा, तुम्ही आधीच लिहून ठेवा ना. मी मोठी मोठी बटणं करून देते. हात गुंतलेले असले तर कोपराने दाबायचं."

संपादकांना हे एकदम पटलं. दोन दिवस खपून बापलेकीने मतं भरली. दाढीचं एक, कबुतरांचं एक, लिफ्टचं, वाऱ्याचं. वरच्या ओळीत व्यवहाराचं. बसा, मान खाली, कसे ठेवू, वाईट झालं, अभिनंदन. गाडीत बसताना लेक म्हणाली, "आता बोला पोटभर." तिला बिचारीला बरं वाटत होतं, आणि तिच्या बापालाही वाटत होतं.

पण गप्पा आधी लिहून ठेवता येत नाहीत. दाढीचं बटण तयार असायचं तेव्हा गिऱ्हाईक मुलीच्या परीक्षेचं बोलायचं. लिफ्टकडे कोणी येतच नसे. संपादक विषय वळवायची वाट बघत कोपर उचलून उभे राहायचे, आणि विषय भलत्याच गल्लीने निघून जायचा. पूर्वी हेच ते एका शब्दात वळवायचे. एकदा बँकेतला एक कारकून खाली बघत म्हणाला, "मागच्या आठवड्यात वडील गेले आमचे." संपादकांना खरंच वाईट वाटलं. चटकन कोपर टेकवलं, ते घसरलं, आणि बाई स्वच्छ आवाजात म्हणाली, "तरी जगातली कबुतरं कमी होत नाहीत."

कारकुनाने वर बघितलं. संपादकांनी हात जोडले, छातीवर ठेवले, मान हलवली, पुन्हा हात जोडले. "असू द्या, असू द्या," तो म्हणाला. केस पुरे करून गेला. पुन्हा आला नाही.

हेही त्यांनी सोसलं असतं. गिऱ्हाइकं येतात, जातात. पण ड्रायव्हरचं ते 'बरोबर आहे' काही केल्या गिळवेना. जगात एक माणूस होता जो त्यांना चूक म्हणायचा, आणि त्या चूक म्हणण्यावर त्यांचा आठवडा उभा होता. बाकी सगळं गेलं तरी तेवढं त्यांना परत हवं होतं. म्हणून पुढच्या खेपेला त्यांनी मुद्दाम कुरापत काढली. नवं बटण केलं आणि ड्रायव्हर टेकल्याबरोबर दाबलं.

"बस चालवायला अक्कल लागत नाही," बाई म्हणाली. "रस्ता ठरलेला असतो."

संपादक आरशात टक लावून उभे राहिले. एके काळी यावर दुकान डोक्यावर घेतलं गेलं असतं.

ड्रायव्हरने कापडाखाली पाय जरा सरळ केले. "तसं बघितलं तर खरंच आहे म्हणा," तो म्हणाला.

त्यानंतरच्या खेपेला मांजर कुत्र्यापेक्षा इमानी असतं असं सांगून बघितलं. "असेल बुवा," ड्रायव्हर म्हणाला. ड्रायव्हरच्या घरी कुत्रा होता.

त्या दिवशी संपादकांनी बायकोसमोर टॅब सरकवला. तो वाद घालत नाही, एवढंच लिहिलं होतं.

"मग बरंय की. डोकं फिरायचं माझं आत बसून," ती म्हणाली. मग त्यांच्याकडे बघून तिने आवाज उतरवला. "अहो, त्यांना वाईट वाटतं तुमचं. माणूस आहे तोही."

संपादकांनी टाइप केलं, "वाईट घरी बसून वाटून घे म्हणावं. इथे भांडायला ये." ते वाचून मात्र ती हसली. आणि हसतानाच तिचे डोळे भरले, तेव्हा त्यांनी टॅब उलटा करून ठेवला.

पुढच्या सुट्टीला ड्रायव्हर दाढीसाठी आला. त्या सकाळी दुकानासमोर झाडताना संपादकांना एक गोष्ट दिसली होती. पलीकडच्या झाडाची पानं सगळी गळून गेली होती, फक्त रस्त्याच्या दिव्याला लागून असलेली एक फांदी हिरवीगार होती. पावसाळा संपून दिवस लहान झाले हे बाकीच्या झाडाला कळलं, आणि त्या एका फांदीला रात्रभर दिवा असल्यामुळे वाटत होतं की अजून उजेड आहे, एवढ्यात कुठे जायचं. हे त्यांना इतकं आवडलं की झाडू तसाच हातात धरून ते उभे राहिले. यावर ड्रायव्हरशी किती तरी वेळ जुंपली असती. हे टाइप करणं त्यांच्या जिवावर आलं. ते हात नाचवून सांगायचं काम होतं, त्या बाईचं नव्हतं.

त्यांनी टाइप केलं दुसरंच. ड्रायव्हर बसला, मान मागे टेकवली, तशी बाई म्हणाली, "तुम्ही प्रत्येक गोष्टीला हो का म्हणता."

ड्रायव्हरने टेकवलेली मान उचलून आरशात बघितलं.

"काय करू मग?" तो म्हणाला. "तुम्ही मागे टाइप करत असता तेव्हा माझ्या डोक्यात चार उत्तरं येतात. पण मी एक बोललो की तुम्ही पुन्हा कात्री ठेवणार, पुन्हा ते बोट, पुन्हा खोडाखोड. दिसतं मला आरशात. घाम येतो तुम्हाला. हात बांधलेल्या माणसाशी कुस्ती खेळायची का मी?"

संपादकांनी टॅबकडे हात नेला. "थांबा, ऐका," ड्रायव्हर म्हणाला. "आणि ती बाई. तिच्याशी मी काय भांडू? तिची माझी ओळख नाही. मला तुमच्या आवाजाचा राग यायचा, खरं सांगतो. तो शहाणपणाचा सूर आहे ना तुमचा, तो कानावर पडला की डोकं उठायचं माझं. आणि राग आल्याशिवाय मला सुचत नाही हो."

संपादकांनी टॅबवर 'पण' एवढं लिहिलं. पुढे काय लिहायचं होतं ते सगळं त्यांच्या जिभेवर होतं, आणि ते बोटापर्यंत येईपर्यंत त्यातलं काही शिल्लक राहणार नव्हतं. त्यांनी 'पण' खोडलं आणि ब्रश पाण्यात बुडवला.

फेस लावला. गाल झाले, हनुवटी झाली. मग ते वरच्या ओठाशी आले, आणि इथे संपादकांची एक जुनी लबाडी सांगितली पाहिजे. वाद कितीही तापो, ठेवणीतला मुद्दा ते वरच्या ओठासाठी राखून ठेवत. नाकाचा शेंडा चिमटीत धरायचा, ओठावर वस्तरा टेकवायचा आणि मग सावकाश, चवीने बोलायचं. समोरच्याला हूं म्हणायची सोय नाही. ड्रायव्हरने या लबाडीला कितीदा शिव्या घातल्या होत्या, अर्थात ओठ मोकळा झाल्यावर.

आज ड्रायव्हरने आपणहून ओठ दातांवर ओढून ताणला. संपादकांनी नाक धरलं, वस्तरा टेकवला, आणि सवयीने त्यांचं तोंड उघडलं.

ते बोलायला लागले. झाडाचं, दिव्याचं, त्या एका फांदीचं. आवाज नव्हता, कुजबुजही नव्हती. कुजबुजायलाही वारा लागतो आणि त्यांचा वारा गळ्याच्या फडक्यातून जात होता. नुसते ओठ हलत होते, भुवया चढत होत्या, मान दाराबाहेरच्या झाडाकडे वळत होती. मधेच ते थांबून हसलेही, कारण तिथे हसायची जागा होती. हातातला वस्तरा मात्र केसभरही हलला नाही. ड्रायव्हर डोळे उघडे ठेवून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला मान हलवता येत नव्हती. बरोबर आहे म्हणता येत नव्हतं.

बोलणं संपलं तेव्हा संपादकांनी दोन हलके हात मारून ओठ साफ केला आणि ओल्या टॉवेलने त्याचं तोंड पुसलं.

"कळलं नाही," ड्रायव्हर म्हणाला. "एक अक्षर कळलं नाही मला."

संपादकांनी मान डोलावली. त्यांनाही ते माहीत होतं. टॅब फळीवर हाताशी पडला होता, आणि त्या दोघांपैकी कोणीही तिकडे बघितलं नाही.

ड्रायव्हर उठला नाही. त्याने डोकं पुन्हा मागे टेकवलं आणि ओठ दातांवर ओढून ताणून धरला. ओठावर आता काढण्यासारखं काहीच नव्हतं. संपादकांनी ब्रश पुन्हा पाण्यात बुडवला आणि फेस लावायला घेतला.